लोणारचा खार, सांभरचं मीठ

नागपूरला समुद्र कोणत्याच बाजूने जवळ नाही. इथे संत्री पिकतात, कापूस पिकतो, भात पिकतो, पण मीठ कायम बाहेरूनच येत आलं. आधी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून किनाऱ्यावरून आणत. मग इंग्रजांनी बिनकराचं मीठ अडवायला देशाच्या पोटातून काटेरी कुंपण घातलं. सिंधूच्या काठापासून बऱ्हाणपूरपर्यंत आणि तिथून पुढे मध्य प्रांतात गेलेली ती जकातीची रेषा १८७९ साली मोडली. ती मोडता आली, कारण त्याआधीच, १८७० साली, राजस्थानातलं सांभर तळं इंग्रजांनी जयपूर आणि जोधपूर दरबारांकडून भाडेपट्ट्याने घेतलं होतं. मीठ जिथे तयार होतं तिथेच कर वसूल करता येऊ लागला, मग कुंपण कशाला हवं? भाडेपट्ट्याच्या त्या बोलण्यांमध्ये जकात खात्याचा मोठा अधिकारी होता ॲलन ह्यूम, ज्याने पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला तोच.

हे सगळं मला माझ्या मामांकडून कळलं. मामांची नोकरी भूगर्भशास्त्रात गेली. मी पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. मामांचा लकडा होता, की आपल्या वऱ्हाडातही खारं पाणी आहे, खारं तळं आहे, मग सांभरला मीठ होतं आणि आपल्याकडे का नाही, हे एकदा पायाने चालून पाहू. पुस्तकात वाचून मला अर्धं उत्तर माहीत होतं. उरलेलं अर्धं पाण्यात हात घातल्याशिवाय कळणार नव्हतं. फेब्रुवारीच्या शेवटी, हरभरा काढणीला आला असताना, आम्ही निघालो. लोणारपर्यंत मामीही सोबत होत्या, त्यांना कमळजा देवीचं दर्शन घ्यायचं होतं.

पिशवीत बोमे हायड्रोमीटर (पाण्याची घनता सांगणारी काचेची तरंगती नळी), टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा), पीएचच्या पट्ट्या (पाणी आम्ल की अल्कधर्मी ते दाखवणाऱ्या) आणि छोट्या बाटल्यांत फिनॉल्फ्थॅलीन (सोडा ओळखायला), सिल्व्हर नायट्रेट (क्लोराइडसाठी), बेरियम क्लोराइड (सल्फेटसाठी). एवढ्यावर पाण्याचा बराच स्वभाव कळतो.

शनिवार : नागपूर ते दहिहंडा

अमरावती, मूर्तिजापूर, अकोला हा रस्ता नागपूरकरांच्या पायाखालचा, त्यावर लिहायला काही नाही. अकोल्याहून अकोटच्या रस्त्याला लागलं की मुलूख बदलतो. गांधीग्रामला पूर्णा नदी ओलांडली. श्रावणात इथूनच अकोल्याच्या राजराजेश्वरासाठी कावडी भरून नेतात. नदीचं पाणी देवाला चालतं, पण आजूबाजूच्या विहिरींचं माणसाला चालत नाही, अशी या भागाची गत आहे. हाच खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला. वर काळीभोर जमीन, खाली गाळाचे खोलच खोल थर आणि त्या थरांत मुरलेलं खारं पाणी.

या पाण्याने ओलीत करता येत नाही. त्यातलं सोडियम मातीच्या कणांना चिकटतं, माती मोकळी राहत नाही, वरून पापुद्रा धरते आणि खाली पाणी झिरपूच देत नाही. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतात. म्हणून इथला हरभरा नुसत्या ओलाव्यावर येतो. आणि येतो मात्र चांगला.

याच पट्ट्यातल्या दहिहंडा गावाला जाण्याचं कारण वेगळं होतं. पूर्णेच्या खोऱ्यात पूर्वी मिठाच्या विहिरी होत्या. त्यांतलं पाणी आटवून लोक मीठ काढत. इंग्रजी अमलात ते बंद पडलं. १९३० साली गांधीजी दांडीला गेले तेव्हा वऱ्हाडाकडे समुद्र नव्हता, पण खाऱ्या विहिरी होत्या. दहिहंड्याला त्यांचं पाणी कढयांत आटवून मिठाचा कायदा मोडला गेला. किनाऱ्यापासून इतक्या आत, विहिरीच्या पाण्यावर मिठाचा सत्याग्रह! मला ही गोष्ट शाळेत कोणी सांगितली नाही, याचं आजही वाईट वाटतं. विदर्भातल्या प्रत्येक पोराला ती ठाऊक असायला हवी.

गावाबाहेर एका शेतात पंपाजवळ थांबलो. शेताचे मालक सत्तरीच्या पुढचे.

"कुटून आले बाप्पा तुमी?"

"नागपूरहून. पाणी पाहायला आलो, काका."

"पान्याचं काय पायता, बाई. ह्या पान्यात डाय शिजत नाई. साबन लावा तं फेस नाई. मीठ काढाले मात्र चालत होतं म्हने. माहा आजा सांगे, कढया मांडल्या होत्या, मोठी गर्दी जमली होती."

मी बादलीत मीटर बुडवला. आकडा तीन हजारांच्या वर जाऊन थांबला. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकताच पाणी दुधासारखं पांढरं झालं, म्हणजे क्लोराइड, खायच्या मिठातला एक घटक, भरपूर.

मामांचा चेहरा उजळला. मी बांधावर बसून हिशोब मांडला. लिटरला तीन ग्रॅम क्षार, म्हणजे एक किलो क्षार मिळवायला तीनशे लिटरहून जास्त पाणी उडवायचं. आणि ते सगळं खायचं मीठ नसेल, त्यात सोडा, चुना, मॅग्नेशियमही येणार. समुद्राच्या पाण्यात लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, तरी मिठागरात दहातले नऊ भाग पाणी उडाल्यावरच मीठ पडू लागतं. इथे तर त्याच्याही दसपट कष्ट. जुन्या मिठाच्या विहिरी म्हणजे खास शोधून काढलेल्या, जास्त तेज पाण्याच्या जागा होत्या. साध्या विहिरीवर मिठाचा धंदा उभा राहणार नाही.

मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण ते पाहिलंस का?"

गावातल्या आरओ केंद्राच्या मागून एक पाइप नालीत सोडला होता. गोडं पाणी कॅनमध्ये भरलं जातं आणि उरलेलं, दुप्पट खारट झालेलं, नालीतून पुन्हा त्याच जमिनीत मुरतं. या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या दुखण्याचे रुग्ण गावोगाव भेटतात आणि आरओ हा लोकांना मोठा आधार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते उरलेलं पाणी प्लास्टिक अंथरलेल्या उथळ हौदात उन्हावर सुकवलं, तर निदान तो खार विहिरीत परतणार नाही. विदर्भाच्या मार्च ते मेच्या उन्हाला हे काम जड नाही. मिठाच्या कमाईसाठी कोणी हे करणार नाही, ते पाण्यासाठीच करावं लागेल. मला वाटतं ते ग्रामपंचायतींनी करावं.

रविवार : लोणार

अकोल्याहून पातूर, मालेगाव, मेहकर करत लोणारला पोचेस्तोवर दहा वाजले. वरून पाहिलं की श्वास अडकतो, हे मी आधी ऐकलं होतं आणि तसंच झालं. काळ्या खडकात जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा, दीडशे मीटरच्या घरातली खोली आणि तळाशी हिरवं तळं. उल्का आदळून बेसाल्टमध्ये, म्हणजे या काळ्या खडकात, झालेलं इतकं नीट टिकलेलं विवर जगात दुर्मीळ आहे. वय किती, यावर शास्त्रज्ञांचे दोन आकडे आहेत : एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं, आर्गॉनच्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. मामा दुसऱ्या आकड्याच्या बाजूचे. उतरताना त्यांनी त्याची कारणं इतक्या आवेशाने सांगितली की मामींनी दोनदा "अहो, पायाखाली पाहा" म्हणून दटावलं.

गोमुखाची धार गोड पाण्याची, बारमाही. तिच्यापासून पायऱ्या उतरून झाडीत शिरलो. खाली हवा कोंडलेली, आणि काठाजवळ येताच सडक्या अंड्यासारखा वास. मामी कमळजेच्या देवळाकडे गेल्या, आम्ही काठावर.

हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. इथून पाणी, माती, दगड काही न्यायचं नाही. मी फक्त पीएचची पट्टी बुडवली. ती पिवळ्याची हिरवी आणि हिरव्याची गडद निळी झाली, दहाच्या आसपास. साध्या पाण्याची सात, समुद्राची आठच्या थोडी वर, आणि इथे दहा. काठावर जिथे पाणी मागे सरलं होतं तिथे चिखलावर पांढरी पापडी धरलेली. बोटाला लागलेला कण जिभेवर ठेवला. चव थेट पापडखाराची. आधी किंचित खारट, मग साबणासारखी बुळबुळीत, तुरट.

ही चव म्हणजेच लोणारचं उत्तर. बेसाल्टमधून येणाऱ्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं आणि त्या मानाने कॅल्शियम कमी. पाणी आटत जातं तसं कॅल्शियम चुनखडी होऊन आधीच तळाला बसतं. ते संपलं तरी कार्बोनेट उरतंच, आणि मग ते सोडियमसोबत राहून सोडा होतं. तळ्याला बाहेर जायची वाट नाही, त्यामुळे हजारो वर्षं सोडा साठत राहिला, सोबत मीठही. अकबराच्या काळापासून लोणारच्या खाराची नोंद आहे. साबण आणि काच करायला तो जाई. काढणारे लोक त्याचे प्रकार ओळखत : दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. कोणता थर कुठून निघाला, त्यात सोडा किती नि मीठ किती, यावरून हे प्रकार पडत. म्हणजे आपल्या लोकांनी हे रसायन नजरेने आणि जिभेने वेगळं करून ठेवलं होतं. त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

आज मात्र तळ्याचं पाणी जुन्या काळाइतकं तेज राहिलेलं नाही. विरघळलेले क्षार समुद्राच्या पाण्यापेक्षा बरेच कमी भरतात. तळं जेमतेम सव्वा किलोमीटर रुंद. सोडा मिसळलेलं, पातळ, आणि वरून पावसाने भरणारं, म्हणजे मिठागराला नको असलेलं सगळं एका जागी. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला आणि मीठ आवडणारे सूक्ष्मजीव माजले. आमच्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने आणि पुण्याच्या आघारकर संस्थेने ते नमुने तपासले होते. लोणारच्या जपणुकीचा खटलाही उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोरच चालत आला आहे.

लोणारमधून कोणी काही काढावं असा विचारही माझ्या मनात आता येत नाही. अशा पाण्यात तगणारे जीव आणि तळाच्या गाळात साठलेली पावसापाण्याची हजारो वर्षांची नोंद, हे तिथेच राहू द्यावं. विवराच्या काठापर्यंत येणारं गावचं सांडपाणी रोखणं हीच इथली पहिली निकड आहे.

दैत्यसूदनाचं देऊळ परतताना पाहिलं. लवणासुराला विष्णूने मारलं ती हीच जागा, अशी कथा. मामींनी ती कथा पूर्ण सांगितली, असुराच्या नावातल्या मिठासकट.

सोमवार आणि मंगळवार : घर आणि गाडी

मेहकरहून समृद्धी महामार्ग धरला आणि दुपारच्या जेवणाला नागपूर. मामी घरी राहिल्या. आम्ही दोघे जयपूरची गाडी पकडून निघालो.

इटारसी गेल्यावर मामांनी हायड्रोमीटर बाहेर काढायला लावला आणि शेजारच्या मुलांना समजावून सांगितला. तेच इथेही सांगते. शुद्ध पाण्यात ही नळी शून्य अंश बोमे दाखवते, समुद्राच्या पाण्यात साडेतीनच्या आसपास. पाणी उडत गेलं की अंश चढतात. पंचविसाच्या जवळ मीठ पडू लागतं. समुद्राच्या पाण्यात त्याआधीच जिप्सम (चुन्याचा एक क्षार) पडून जातं, म्हणून मिठागरवाले पाणी एका हौदातून दुसऱ्यात सरकवत नेतात, जिप्समचा हौद वेगळा, मिठाचा वेगळा. आणि एकोणतीस-तीसच्या पुढे पाणी ठेवलं तर मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठात उतरतात, तेव्हा ते काढून टाकावं लागतं. म्हणजे मीठ करायला पाणी पूर्ण आटवायचंच नसतं. पूर्ण आटवलं की सगळे क्षार एकत्र गोळा होतात आणि तेच लोणारच्या काठावर आपोआप झालेलं असतं.

बुधवार : सांभर

जयपूरहून फुलेरा आणि फुलेऱ्याहून सांभर. स्टेशनाबाहेर पडताच जमीन पांढरी व्हायला लागते. देशातलं हे सगळ्यात मोठं अंतर्भागातलं खारं तळं. लांबी पस्तीस किलोमीटरच्या आसपास, पण पाणी बहुतेक ठिकाणी गुडघा-कमरेपर्यंतच. इतकं पसरट आणि इतकं उथळ असणं हीच त्याची श्रीमंती आहे. लोणार म्हणजे खोल वाटी. सांभर ताटासारखं, ऊन लागलं की सगळं एकदम तापतं. पाऊसही नागपूरच्या निम्म्याच्या घरात, आणि उन्हाने उडणारं पाणी त्याच्या कितीतरी पट.

तळ्यावर सुमारे पाच किलोमीटर लांबीचा दगडी बांध आहे. बांधाच्या पश्चिमेला मोकळं तळं, तिथे पावसाचं पाणी साठतं आणि तळातल्या गाळातलं मीठ उचलून घेतं. ते खारं झालं की बांधाच्या दारांतून पूर्वेकडे घेतात, तिथे आखीव वाफे आहेत, त्यांना क्यार म्हणतात. सरकारी कंपनी सांभर सॉल्ट्स १९६४ पासून हे काम पाहते. जुन्या छोट्या रुळांवरून मिठाच्या ट्रॉल्या धावायच्या, ते रूळ अजून वाफ्यांमधून गेलेले दिसतात.

परवानगी काढून एका ठेकेदाराच्या मुकादमासोबत बांधावरून चाललो. आधीच्या वाफ्यात पाणी हिरवट, पुढच्यात तपकिरी, त्यापुढच्यात विटकरी आणि शेवटच्यात सरळ लाल. रंग बदलतो तो जिवांमुळे. पाणी तेज होत गेलं की साधं शेवाळ मरतं आणि डुनालिएला नावाचं शेवाळ आणि मीठप्रेमी सूक्ष्मजीव उरतात, त्यांच्यात लाल-केशरी रंगद्रव्य असतं. गडद पाणी ऊन जास्त शोषतं, लवकर तापतं आणि लवकर उडतं. मुकादमाला हे रसायन माहीत नव्हतं, पण लाल वाफा बघून तो म्हणाला, "ये अब पक गया."

"कितनी डिग्री?" मामांनी विचारलं.

"पच्चीस चल रही है. दो दिन में छब्बीस."

मी नळी सोडली. पंचवीसच्या रेघेवर ती हलत राहिली. त्याने नुसत्या नजरेने सांगितलेला आकडा आणि काचेचा आकडा एकच होता.

वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून मी कितीतरी वेळ पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहत राहिले. वारा पडला होता. आधी पाण्यावर धुळीच्या कणाएवढा चौकोनी ठिपका दिसला. तो बुडत नव्हता, पाण्याच्या ताणावर तरंगत होता. त्याच्या चारही कडांना नवं मीठ चढत गेलं, पण जडपणाने तो खाली खचत गेल्यामुळे नवी कड आधीच्या कडेच्या थोडी वर आणि थोडी बाहेर बसत गेली. असं करत करत नखाएवढा, आतून पोकळ, पायऱ्यापायऱ्यांचा उलटा पिरॅमिड तयार झाला. मग वाऱ्याची एक झुळूक आली, पाण्याची घडी त्याच्यावरून गेली आणि तो गिरक्या घेत तळाला गेला. तळाला तसे लाखो पडलेले, एकमेकांना चिकटून थर झालेला. तो थर बोटभर जाड झाला की बायका-माणसं गमबूट घालून वाफ्यात उतरतात, फावड्याने तो फोडतात, त्याच खाऱ्या पाण्यात खळबळून धुतात आणि तगाऱ्यांनी बांधावर आणून ढीग लावतात. धुवायला गोडं पाणी घेतलं तर मीठच विरघळेल. पण संपृक्त, म्हणजे आणखी मीठ मावणार नाही अशा, खाऱ्या पाण्यात मीठ विरघळत नाही आणि मळ तेवढा निघून जातो.

आता आमची परीक्षा. वाफ्यातून काढलेलं, टाकून द्यायचं मागचं पाणी बाटलीत घेतलं. फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकला, पाणी झर्रकन गुलाबी. म्हणजे इथेही सोडा आहे! बेरियम क्लोराइड टाकलं, पांढरा साका. तो सोड्यानेही पडतो, पण इथल्या पाण्यात सल्फेटही असतंच. लोणार आणि सांभर दोघांच्या पाण्याचं कुळ एकच निघालं. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. फरक मग कशात?

फरक प्रमाणात आहे. सांभरच्या क्षारांत साधं मीठ फार मोठ्या हिश्शाने आहे, सोडा आणि सल्फेट थोडे. त्यामुळे पाणी आटताना मीठ आधी पडतं आणि बाकीचे क्षार पाण्यातच राहतात. मुकादम नेमक्या वेळी उरलेलं पाणी काढून टाकतो, आणि हातात राहतं ते मीठ. दोन दिवस उशीर केला तर सोडा नि सल्फेट मिठावर बसतील आणि माल खाण्याच्या लायकीचा राहणार नाही. माणसाची सगळी कारागिरी त्या एका निर्णयात आहे. लोणारला हा निर्णय घेता येत नाही, कारण तिथे सोड्याचा वाटा इतका मोठा की मीठ वेगळं व्हायला मोकळीकच मिळत नाही.

हे मीठ इथे आलं कुठून, हा मामांचा आवडता विषय. १९०९ च्या सुमाराला हॉलंड आणि क्रिस्टी या शास्त्रज्ञांनी मांडलं होतं, की उन्हाळ्यातले नैर्ऋत्येचे वारे कच्छच्या रणातून मिठाचे कण उडवून राजस्थानात आणतात. नंतरच्या अभ्यासांनी आसपासच्या खडकांची झीज आणि पावसापाण्याने आणलेले क्षार यांच्याकडे जास्त बोट दाखवलं. रात्री धर्मशाळेत मामांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि शेवटी दोन्ही थोड्या थोड्या खऱ्या असाव्यात यावर ते झोपले.

गुरुवार : शाकंभरी आणि पश्चिमेचं तळं

शाकंभरी देवीचं ठाणं तळ्याच्या आत शिरलेल्या टेकडीवर आहे. देवीने हा मुलूख चांदीचा करून दिला, लोक घाबरले की यावरून रक्तपात होईल, म्हणून त्यांनी तो परत घ्यायला सांगितलं आणि देवीने चांदीचं मीठ केलं. कथा सांगणारा पुजारी म्हणाला, "झगड़ा फिर भी हुआ." ते खरं आहे, आणि अजून चालू आहे.

टेकडीवरून पश्चिमेला पाण्याच्या कडेने गुलाबी पट्टा दिसत होता, रोहित पक्ष्यांचा. ते येतात तेही त्याच खाऱ्या पाण्यातल्या शेवाळासाठी आणि किड्यांसाठी. १९९० पासून हे रामसर स्थळ आहे. पण मेंढा आणि रूपनगढ या नद्यांवर वरच्या अंगाला बांध-बंधारे झाले, तळ्यात येणारं पाणी घटलं. आणि तळ्याच्या पात्रात, काठाने, खाजगी बोअर मारून जमिनीखालचं खारं पाणी उपसलं जातं. मैलोगणती टाकलेले केबल आणि पाइप आम्ही डोळ्यांनी पाहिले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात इथे हजारो पक्षी मेले. कारण निघालं बोट्युलिझम, म्हणजे मेलेल्या प्राण्यांत वाढणाऱ्या जिवाणूचं विष.

उन्हाने पिकणारं मीठ म्हणजे निसर्गाला धक्का न लावणारा उद्योग, असं आपण सहज म्हणतो. पावसाने भरलेलं तळ्याचं पाणी घेऊन, त्यावर मीठ करून, उरलेलं परत सोडलं, तर ते बऱ्याच अंशी खरंही आहे. बोअरने उपसा सुरू झाला की तो हिशोब मोडतो, कारण तेव्हा आपण यंदाचं मीठ काढत नसतो, साठा काढत असतो. सांभरला वाचवायचं असेल तर आधी बोअर बंद व्हावेत आणि नद्या वाहू द्याव्यात. मीठ त्यानंतरही मिळेल.

शुक्रवार : नावा आणि डीडवाना

सांभर तळ्याजवळच्या नावा गावाला मिठाचे डोंगर, गिरण्या, आयोडीन फवारायची यंत्रं, पॅकिंग. इथे थांबलो ते एका बाईशी बोलायला. ती वाफ्यात काम करते. हात पुढे केले तर तळव्यांना बारीक चिरा, कडा पांढऱ्या पडलेल्या. "नमक लगता है तो रात को नींद नहीं आती," म्हणाली. बूट मिळतात का? मिळतात, पण आत पाणी शिरलं की बूट नसलेलाच बरा. डोळ्यांना चष्मा? हसली. पांढऱ्या मिठावरून उलटणारं ऊन दिवसभर डोळ्यांत जातं. किलोभर मीठ आपल्याला इतकं स्वस्त मिळतं, त्यात हे हात धरलेले नाहीत.

डीडवान्याच्या खाऱ्या तळ्यात सल्फेटचं प्रमाण जास्त. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मिठाची विद्राव्यता (पाण्यात विरघळण्याची क्षमता) फारशी बदलत नाही, पण सोडियम सल्फेटची थंडीत झपाट्याने घटते. त्यामुळे कडाक्याच्या रात्री त्याच पाण्यातून सल्फेटचे लांबट, काचेसारखे खडे आपोआप पडतात. कागद आणि काचेच्या कारखान्यांना सल्फेट लागतं, पण जेवणाच्या मिठात ते नको. आम्ही गेलो तेव्हा थंडी सरली होती, तरी एका जुन्या हौदाच्या कोपऱ्यात ते खडे सापडले. उन्हात धरल्यावर त्यांतलं पाणी निघून जाऊन ते माझ्या तळव्यावरच पांढऱ्या पिठासारखे भुरभुरले.

शनिवार : परतीची गाडी

मामांनी गाडीत वहीत तीन रकाने आखले : दहिहंडा, लोणार, सांभर. खाली लिहिलं : पाणी किती तेज, क्षार कोणते, तळ पाणी धरतो का, पाऊस किती, ऊन किती, आणि शेवटी, कोण जगतं त्यावर. मी त्यात माझे आकडे भरले. दहिहंड्याच्या आरओच्या मागच्या पाण्याचा रकाना रिकामा आहे, त्याचा नमुना घ्यायला पावसाळ्याआधी जाणार आहोत.

कोणाला जायचं असेल तर इतकं सांगते. लोणारला हिवाळ्यात जा, पायात घट्ट बूट घाला, खाली पाण्याची बाटली न्या आणि रिकामी बाटली वर आणा. सांभरला पक्षी पाहायचे तर डिसेंबर-जानेवारी, मिठाची काढणी पाहायची तर मार्चनंतर. वाफ्यांत शिरण्याआधी परवानगी घ्या, बांधावर एका रांगेत चाला, कारण कडा ठिसूळ असतात आणि कोणाची तरी दिवसभराची मेहनत तिथे ढिगात उभी असते. काळा चष्मा विसरू नका. खारपाणपट्ट्यात गेलात तर गोडं पाणी जवळ ठेवा, आणि गावात कोणी चहा दिला तर तो गोड्या पाण्याच्या विकतच्या कॅनमधला असतो, हे लक्षात ठेवून घ्या.